परराष्ट्रविद्या आणि पोटाचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास करण्याची इच्छा एखाद्या मराठी विद्यार्थ्याने बोलून दाखविली, की त्याला जो उपदेश ऐकावा लागतो तो घरी, महाविद्यालयात आणि आप्तेष्टांच्या बैठकीत जवळजवळ त्याच शब्दांत केला जातो. या विषयाने पोट भरत नाही. परराष्ट्र सेवेत वर्षाकाठी तीसचाळीस माणसे घेतात आणि तीही कोणत्याही विषयाची पदवी असली तरी घेतात. उरलेल्यांनी मास्तरकी करावी किंवा वर्तमानपत्रांत लेख लिहावेत. शिवाय याला शास्त्र म्हणावे, तर सोव्हिएत संघ कोसळणार एवढी मोठी गोष्टही त्याला आधी सांगता आली नाही. आणि हे सर्व बाजूला ठेवले तरी जगाच्या उलाढाली दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या लोकांनी पाहाव्यात, आमच्या ऊसकांद्याच्या मुलखाला त्यांच्याशी काय कर्तव्य आहे? हा उपदेश करणारे लोक मुलांचे हितचिंतक असतात, याविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच त्याचे सविस्तर खंडन करणे मला अगत्याचे वाटते; कारण परक्याचा चुकीचा सल्ला मुले झिडकारतात, वडिलांचा ऐकतात. माझे म्हणणे असे, की या उपदेशात हिशेबच उलटा मांडलेला आहे. हा विषय शिकणाऱ्याला काय मिळते एवढेच त्यात विचारले जाते. तो शिकलेला माणूस जवळ नसल्यामुळे समाजाला काय मोजावे लागते हे विचारले जात नाही. आणि समाज जेथे ती किंमत मोजत असतो, नेमके तेथेच त्या माणसाचे काम, आणि म्हणून त्याचे वेतनही, पडून राहिलेले असते.

शेवटच्या आक्षेपापासून प्रारंभ करतो, कारण तोच मनात सर्वांत खोल रुजलेला आहे. उसाच्या मुलखाला जगाच्या राजकारणाशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्याने जिनीव्हा येथील जागतिक व्यापार संघटनेच्या दप्तरातील एक कज्जा वाचावा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताविरुद्ध तेथे फिर्याद दाखल केली. फिर्यादीचा मजकूर असा, की भारताचे केंद्र सरकार ठरवीत असलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेली एफआरपी, आणि काही राज्ये त्याहून वेगळे जाहीर करीत असलेले दर, यांच्यामुळे ऊस उत्पादकाला मिळणारे साहाय्य हे शेतीविषयक करारात घालून दिलेल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या दहा टक्क्यांपलीकडे, जाते. आणि साखर बाहेर पाठविण्यासाठी कारखान्यांना जे पैसे दिले गेले ते तर उघडउघड निर्यात अनुदान होय. भारताच्या वतीने असा बचाव मांडण्यात आला, की हा दर सरकार आपल्या तिजोरीतून देत नाही, तो कारखाने देतात, तेव्हा त्याला सरकारी साहाय्य म्हणता येणार नाही. १४ डिसेंबर २०२१ रोजी तज्ज्ञ मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने हा बचाव अमान्य केला आणि निकाल भारताच्या विरुद्ध दिला. भारताने त्याच महिन्यात अपील दाखल केले. परंतु ज्या अपील मंडळापुढे ते चालावयाचे, ते मंडळ अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच निकामी झालेले असल्याने तो निकाल अधांतरी राहिला.

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ज्या दरासाठी हजारो शेतकरी एकत्र येतात, ज्या दरासाठी शिरोळ आणि हातकणंगल्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर अडविले जातात, त्या दराची वैधता अशा रीतीने तीन परक्या देशांच्या फिर्यादीवर, जिनीव्हातील एका मंडळाच्या युक्तिवादावर आणि वॉशिंग्टनच्या एका हट्टावर टांगली गेली. उद्या ते अपील मंडळ पुन्हा भरले, किंवा वाटाघाटीने दुसरा काही मार्ग निघाला, तर दर आणि अनुदान यांची फेररचना कोणत्या चौकटीत बसवावयाची, हे कोणाला तरी सांगावे लागेल. तो माणूस केवळ कृषिपदवीधर असून भागणार नाही आणि केवळ दिवाणी न्यायालयात मुरलेला वकील असूनही भागणार नाही. साखरेच्या बाजारातील आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी असलेला ब्राझील इतर अनेक व्यासपीठांवर भारताचा मित्र असूनही येथे फिर्यादी का झाला; अमेरिकेने जे न्यायपीठ उभारण्यात पुढाकार घेतला ते तिनेच पांगळे का केले; दहा टक्क्यांची ती मर्यादा कोणत्या काळातील किमती धरून मोजली जाते आणि ती मोजणी बदलून घेण्यासाठी कोणकोणते देश आपल्या बाजूला येऊ शकतात; हे ज्याला उमगते त्यालाच त्या कामाला हात घालता येईल. याच ज्ञानाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास म्हणतात. आक्षेपक ज्याला दिल्लीकरांचा छंद समजतात तो हाच.

द्राक्षाची आणि संत्र्याची कथा याहून परिचित असल्यामुळे तिचा विस्तार करीत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे नाशिककडची द्राक्षे युरोपात अडविली गेली. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रात येमेनमधील हौथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले चालविल्यामुळे न्हावा शेव्याहून निघालेला माल आफ्रिका खंडाला वळसा घालून रॉटरडॅमला न्यावा लागला. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क चढविले तेव्हा त्याचा फटका वरुड आणि मोर्शीच्या बागांना बसला. येमेनमधील यादवी किंवा ढाक्याच्या सरकारची परकीय चलनाची चणचण या गोष्टी आमच्या बागायतदाराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपलेल्या आहेत. त्या समजावून सांगणारा माणूस मात्र अद्याप तेथवर पोचलेला नाही.

दाभोळचे प्रकरण यापेक्षा अधिक वेदनादायक आहे, आणि त्याची आठवण काढल्यावाचून या विषयावर महाराष्ट्रात बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९९२ मध्ये तेथील वीजप्रकल्पासाठी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला आणि १९९३ च्या अखेरीस राज्य वीज मंडळाने वीजखरेदीच्या करारावर सही केली. विजेचा दर डॉलरशी जोडलेला असल्यामुळे रुपया घसरला की बोजा मंडळाच्या, म्हणजे अखेर महाराष्ट्राच्या वीजग्राहकाच्या, अंगावर पडणार होता. वाद उत्पन्न झाल्यास त्याचा निवाडा लंडन येथे लवादापुढे व्हावयाचा होता. आणि राज्याच्या हमीमागे केंद्र सरकारची प्रतिहमी उभी करण्यात आली होती. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारले होते. १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले, करार रद्द करण्यात आला, मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये विजेचा दर न परवडल्यामुळे मंडळाने खरेदी थांबविली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी या कराराची जी चिकित्सा केली, ती आजही प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्यासारखी आहे. मी येथे कोणा पक्षाची किंवा पुढाऱ्याची झडती घेत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की असा तहनामा जेव्हा लिहिला जातो, तेव्हा आपल्या बाजूच्या खुर्च्यांवर अभियंते असतात, सनदी अधिकारी असतात, हिशेबनीस असतात. परंतु समोरच्या कंपनीमागे तिचे सरकार कोठवर उभे राहील, परक्या लवादाचे कलम मान्य केल्याने पुढे कोणती दारे बंद होतील, अशाच अटींवर दुसऱ्या देशांनी कोणते करार केले आणि त्यांची काय गत झाली, हे आयुष्यभर अभ्यासलेला माणूस त्या खुर्च्यांवर असतो काय? नसेल, तर त्याच्या वेतनाची बचत करून आपण किती गमावले याचा हिशेब आक्षेपकांनीच मांडावा.

ही समज आपल्याकडे नवी आहे असेही नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जे लिहून ठेवले, ते आजच्या कोणत्याही परराष्ट्रनीतीच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवावे इतक्या योग्यतेचे आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे लोक सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकामागे त्याचा धनी राजा आहे, त्याच्या हुकमाने ते या मुलखात येतात आणि राजाला भूमीचा लोभ नसतो असे कधी होत नाही. म्हणून त्यांच्याशी व्यवहार राखावा, पण त्यांना समुद्रालगत खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, मजबूत इमारती बांधू देऊ नयेत, असा त्या विवेचनाचा आशय आहे. व्यापारी आणि त्याच्या पाठीमागची राजसत्ता यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे ओळखणारा मुत्सद्दी ज्या भाषेत लिहून गेला, त्या भाषेच्या लोकांना परराष्ट्रविद्या ही परकी विद्या वाटावी, याचे मला फार दुःख होते. पेशव्यांच्या काळात दिल्लीच्या दरबारात हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वकिली केली, निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळ्यांची पत्रे पुण्यास येत राहिली, नाना फडणिसांची मसलत दूरदूरच्या दरबारांतून आलेल्या अशा बातमीपत्रांवर उभी होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील द्वादशराजमंडल आणि संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव ही षाड्गुण्याची मांडणी आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासली जाते. त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी सिद्ध केली आणि मुंबई विद्यापीठाने ती १९६० पासून तीन भागांत प्रसिद्ध केली, हेही आपण विसरलो आहोत.

परंतु पूर्वजांचा अभिमान सांगून थांबणे हा प्रामाणिक प्रतिवाद होणार नाही, कारण या परंपरेतला सर्वांत मोठा धडा तिच्या अपयशात आहे. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले आणि त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. १८५३ पर्यंत हा मनुष्य लंडनमध्ये राहिला. कंपनीच्या भागधारकांच्या सभांपासून पार्लमेंटाच्या सभासदांपर्यंत त्याने दारे ठोठावली. त्याच्या त्या परदेशवासात इकडे महाराज काशीस वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यही खालसा झाले, आणि तो कर्जाचे ओझे घेऊन परतला. त्याच्या निष्ठेपुढे मस्तक नमवावे असेच त्याचे चरित्र आहे. परंतु इंग्रजांचा वकील पुण्यात येत होता तो फारसी शिकून, आपल्या दरबारातील गटतट जाणून, मागच्या सर्व तहांची दप्तरे बरोबर घेऊन. आणि आपला वकील विलायतेस गेला तो तेथील भाषा, कायदा आणि पार्लमेंटाची रीत ही सर्व तेथे पोचल्यावर, परक्यांच्या मदतीने शिकत. व्यक्तीच्या पराक्रमाने ही तूट भरून निघत नाही. ती भरून काढण्यासाठी आधीपासून शिकवून तयार केलेली माणसे लागतात, आणि अशी माणसे तयार करण्याच्या व्यवस्थेलाच विद्यापीठातील विषय असे म्हणतात.

ती व्यवस्था असली म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. महाराष्ट्रातील माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये देहदंड फर्माविला. भारताने ८ मे रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि अवघ्या दहा दिवसांत, १८ मे रोजी, न्यायालयाने शिक्षेची अंमलबजावणी थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला. या यशामागे नागपूरचे हरीश साळवे यांचे वक्तृत्व होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण वक्तृत्वाच्या आधी एक निवड करावी लागली होती, आणि तीत खरी विद्या होती. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील तंटा या न्यायालयात नेणे सोपे नाही. १९९९ मध्ये पाकिस्तानचे विमान भारताने पाडले तेव्हा पाकिस्तानने हेच न्यायालय गाठले होते, आणि २००० मध्ये न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असे सांगून तो दावा काढून टाकला होता, कारण राष्ट्रकुलातील देशांशी असलेले तंटे भारताने आपल्या मान्यतेतून वगळून ठेवले होते. तो दरवाजा बंद होता हे जाणून भारताने १९६३ च्या वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराच्या वैकल्पिक पूरक कराराचा दरवाजा उघडला, जो दोन्ही देशांनी स्वीकारलेला होता. कैद्याला आपल्या देशाच्या वाणिज्यदूताला भेटू दिले नाही, हा त्या कराराच्या छत्तिसाव्या कलमाचा भंग आहे, एवढ्या नेमक्या मुद्द्यावर दावा उभा केला. पाकिस्तानने २००८ चा द्विपक्षीय समझोता पुढे केला. त्या समझोत्याने मूळ कराराचे कलम बाजूला सारले जात नाही असे न्यायालयाने ठरविले, आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने कलमभंग झाल्याचे जाहीर करून शिक्षेचे परिणामकारक पुनर्विलोकन करण्यास सांगितले. एका मराठी घरातील मनुष्याचा प्राण जुन्या करारांच्या यादीतून एक योग्य कागद काढता येण्यावर अवलंबून होता. हा कागद काढणारे जे शिकले होते, त्याला निरुपयोगी म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

आता परीक्षेचा मुद्दा. परराष्ट्र सेवेत अभियंते आणि डॉक्टरही जातात, मग हा विषयच कशाला शिकावा, असे विचारतात. लोकसेवा आयोग पदवीच्या विषयाची अट घालत नाही हे खरे आहे. परंतु निवड झाल्यावर सरकार काय करते तेही पाहिले पाहिजे. दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत या अभियंत्याला आणि डॉक्टरला आंतरराष्ट्रीय राजकारण, कायदा आणि अर्थकारण शिकविले जाते, आणि नंतर एक परकी भाषा सक्तीने शिकण्यासाठी त्याची रवानगी केली जाते. म्हणजे ज्या ज्ञानाची गरज नाही म्हणून आपण मुलाला परावृत्त करतो, ते ज्ञान सरकार आपल्या खर्चाने त्याला द्यावयास बसते. ज्या दाखल्यावर आक्षेपक विसंबतात तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो.

सेवा लहान आहे, हेही मी मान्य करतो. एकंदर अधिकारी हजाराच्या आसपास आणि दूतावास व वाणिज्य दूतावास मिळून दोनशेच्या घरात, अशी ही संस्था आहे. लोकसंख्येने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या देशाला ती अपुरी पडते, असे संसदेच्या समितीनेही सांगितले आहे. म्हणून जो शिकवणीवर्ग विद्यार्थ्याला हा विषय केवळ राजदूताच्या मोटारीचे चित्र दाखवून विकतो, त्याचाही मी आक्षेपकांइतकाच विरोधक आहे. नुसती पदव्युत्तर पदवी घेऊन, ठरावीक प्रश्नोत्तरे पाठ करून, आता मला काम द्या असे म्हणणाऱ्याला काम मिळणार नाही. या विषयाला दुसऱ्या एका विद्येची जोड लागते, मग ती कायद्याची असो, अर्थशास्त्राची असो, सागरी वाहतुकीची असो. आणि एका परक्या भाषेची लागतेच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन आणि जपानी शिकण्याची सोय कित्येक वर्षांची आहे. जपानी शिकलेल्या मुलामुलींना पुण्याच्या कारखान्यांनी दुभाषे म्हणून रोजगार दिला, हे आपण पाहतो. तीच भाषा अधिक जपानचे अर्थकारण आणि चीनविषयीचे त्याचे धोरण अशी जोड ज्याने केली, त्याचे मूल्य दुभाष्याहून किती वाढेल याची कल्पना पालकांनीच करावी.

कामे कोठे आहेत, याचे उत्तर मुंबईत तरी फार शोधावे लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापारकरार मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अमलात आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे आदी चार देशांशी मार्च २०२४ मध्ये करार झाला. या प्रत्येक करारात मालाचे मूळस्थान कसे ठरवावे याचे नियम आहेत, सवलतीच्या याद्या आहेत, मुदती आहेत. त्या वाचून आपल्या कारखान्याला जकातीत काय सुटू शकते हे सांगणारा माणूस निर्यातदाराला हवा असतो. अमेरिका आणि युरोप रशियावर, इराणवर निर्बंध घालतात, तेव्हा मुंबईच्या बँकांना प्रत्येक हुंडी तपासणारी खाती ठेवावी लागतात. युद्धाच्या भीतीने जहाजाच्या विम्याचा हप्ता चढतो, तो किती चढावा हे ठरविताना हर्मुझच्या सामुद्रधुनीत काय चालले आहे हे कळावे लागते. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्र आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत तरुण अधिकाऱ्यांची जी परीक्षा होते, तिला वयाची मर्यादा बत्तीस वर्षांची आहे, आणि तेथे अधिकृत सहा भाषांपैकी इंग्रजीखेरीज आणखी एखादी येत असेल तर तिचा उपयोग होतो. संशोधनसंस्था, लष्करी शिक्षण, वृत्तपत्रे आणि अध्यापन यांचा मी मुद्दामच शेवटी उल्लेख करतो, कारण लोकांना तेवढीच ठाऊक असतात.

ज्यांनी ही वाट चोखाळली ते कोणी परग्रहावरचे नव्हते. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. रँग्लर परांजपे १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत गेले आणि मराठीतले लेखकही राहिले. विजय गोखले यांनी चिनी भाषा आत्मसात केली, ते बीजिंगमध्ये राजदूत झाले, परराष्ट्र सचिव झाले, आणि निवृत्तीनंतर चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो यावर त्यांनी २०२१ मध्ये पुस्तक लिहिले.

राहिला शास्त्राचा आक्षेप. सोव्हिएत संघाच्या पतनाचे भाकीत झाले नाही म्हणून हा विषय फोल, असे म्हणणाऱ्यांनी जॉर्ज केनन यांचे १९४६ आणि १९४७ चे लेखन पाहावे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या तरुण अधिकाऱ्याला रशियन भाषा शिकण्यासाठी बर्लिन आणि रीगा येथे ठेवले; पुढे मॉस्कोहून त्याने पाठविलेल्या प्रदीर्घ तारेत आणि नंतरच्या निबंधात त्या सत्तेच्या अंतर्गत दौर्बल्याची बीजे दाखविली आणि तिला संयमाने, दीर्घकाळ आवरून धरल्यास ती आतून बदलेल किंवा ढासळेल असे प्रतिपादन केले. त्याने वर्ष सांगितले नाही. परंतु वर्ष सांगणे हे या विद्येचे काम नव्हेच. वैद्य रोग्याच्या मृत्यूची तिथी सांगत नाही म्हणून आपण वैद्यकाला खोटे ठरवीत नाही. कोणत्या सत्तेला काय करणे शक्य आहे, काय करणे तिला परवडणार नाही, तिचे बोलणे आणि तिचे हित यांत अंतर किती आहे, हे ओळखण्याची शिस्त ती देते. या विषयाचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील अबेरिस्टविथ येथे, महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून स्थापन झाले, आणि त्याच अध्यासनावर बसून ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये त्या अध्यासनामागच्या भाबड्या शांतिवादावरच कठोर टीका केली. स्वतःच्या जन्मदात्या श्रद्धेची अशी तपासणी वीस वर्षांत ज्या शाखेने केली, तिला बौद्धिक शिस्त नाही असे मी मानणार नाही.

इंग्रजीचा बाऊही करण्याचे कारण नाही. वि. स. वाळिंबे यांनी ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ लिहिले, वि. ग. कानिटकरांनी ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ लिहिले, गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावर आणि अरुण साधूंनी चीनवर लिहिले, आणि ही पुस्तके तालुक्याच्या ग्रंथालयांतून वाचली गेली. मराठी वाचकाला जगाची जिज्ञासा नाही असे नाही. त्या जिज्ञासेला व्यवसायापर्यंत नेणारा जिना बांधलेला नाही. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र १९७१ पासून आहे, पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे; पण कोल्हापूरच्या, सोलापूरच्या किंवा अमरावतीच्या मुलाला या विषयाचे नाव पहिल्यांदा कानावर पडते ते बहुधा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, आणि तेही गुण मिळविण्याचे एक प्रकरण म्हणून.

तेव्हा जे काम लगेच होण्यासारखे आहे ते सांगतो. सहकारी साखर कारखान्यांनी मिळून मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये एक छोटे अध्ययनपथक बसवावे. त्यात आंतरराष्ट्रीय राजकारण, व्यापार कायदा आणि ब्राझीलची पोर्तुगीज भाषा शिकलेले तीनचार तरुण घ्यावेत, त्यांना पुरेसे वेतन द्यावे, आणि पहिले काम म्हणून जिनीव्हाच्या त्या निकालाचा सटीप मराठी तर्जुमा त्यांच्याकडून करून घ्यावा. निकालाची पाने जागतिक व्यापार संघटनेने सर्वांसाठी खुली ठेवलेली आहेत, आणि ज्यांच्या उसाबद्दल तो आहे, त्यांनी तो अजून आपल्या भाषेत वाचलेला नाही.